दाओनची आई बोलतेय

म्योंगरानने वर्तमानपत्रावर मोड आलेल्या सोयाबीनचा ढीग ओतला आणि एकेक मोड उचलून त्याची शेपटी खुडायला घेतली. समोर टीव्ही चालू होता. नवरा बसच्या ड्युटीवर गेलेला. शनिवारी दुपारी त्या मालिकेचे आठवड्यातले भाग पुन्हा दाखवत, आणि सध्या अख्खं जेचोन शहर तीच बघत होतं. वर्गातल्याच पोरी एका मुलीचा छळ करतात आणि तिचं घर हळूहळू उसवत जातं, अशी गोष्ट.

पडद्यावर तिघींनी त्या मुलीच्या दप्तरात दूध ओतलं. लेक दाओन सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

"माणसं आहेत का राक्षस गं ही, आई?"

"नाक पूस आधी."

"असली पोर माझ्या वर्गात असती ना, मी सोडली नसती तिला. आणि तिची आई बघ! सगळं कळतंय बाईला, तरी गप्प. खरी गुन्हेगार तीच."

म्योंगरानच्या बोटांत शेपटीऐवजी अख्खा मोड तुटला. तो तिने बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.

ती म्हणाली, "गारमचं काही कळतं का गं?"

"कोण गारम?"

"आठवीत होती तुझ्या वर्गात."

दाओनने आठवायचा खरोखर प्रयत्न केला. कपाळावर आठी पडली, मग गेली.

"हां, ती होय! मला काय माहीत? मध्येच शाळा सोडून गेली ना ती." आईचा चेहरा पाहून ती जराशी सावरून बसली. "ते वेगळं होतं हं, आई. आम्ही नुसती मस्करी करायचो. तूच नाही का सांगितलंस सरांना?"

तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

सांगितलं होतं. शाळेने दोन्ही घरच्यांना बोलावलं, तेव्हा म्योंगरान ठेवणीतला कोट घालून गेली होती. मोबाइलवरच्या गटातून गारम बाहेर पडली, की दाओन आणि तिच्या तिघी मैत्रिणी तिला पुन्हा आत ओढत आणि पहाटेपर्यंत घाणेरडं लिहीत बसत. म्योंगरानने ते सगळं वाचलं होतं. वाचून फोन दाओनला परत दिला होता. "लेकरांची मस्करी हो ती, सर," असं ती शांतपणे म्हणाली, तेव्हा गारमची आई बाहीचं बटण नुसतं लावत आणि काढत राहिली. परतताना म्योंगरानने दाओनला तांदळाच्या वड्यांची तिखट तोकबोक्की खाऊ घातली. घाबरलं होतं ना लेकरू. पुढे गारमच्या घरचे वोंजूला राहायला गेल्याचं कानावर आलं, तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

हात पुसून ती उठली. काचेच्या बाल्कनीत किमचीच्या बरण्यांशेजारी उभं राहून तिने फोन काढला. गारमच्या आईचा नंबर अजून होता. आपण काय बोलणार आहोत, हे तिला ठाऊक नव्हतं. छातीत धडधड होईल असं वाटलं होतं. तीही झाली नाही.

"हॅलो?"

"मी... दाओनची आई बोलतेय."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"हं," गारमची आई म्हणाली. "मालिका बघितली वाटतं."

म्योंगरानने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"फोन करणाऱ्या तुम्ही तिसऱ्या आई. त्या दोघी फार रडल्या. मलाच समजूत घालावी लागली." आवाजात ना राग होता, ना टोमणा. हवापाण्याबद्दल बोलावं तशी ती बोलत होती. "आमच्याकडे नाही लावत आम्ही ती."

निदान रडू तरी यावं, असं म्योंगरानला वाटलं. डोळे कोरडे ठणठणीत होते.

"मी त्या दिवशी शाळेत..." तिने सुरुवात केली, आणि नेमकी आत दाओन हुंदका देऊन रडायला लागली.

पलीकडचा आवाज एकदम बदलला.

"कोण रडतंय?"

"दाओन."

"एकटीच आहे?"

"हो, म्हणजे... बाहेरच्या खोलीत आहे."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात? जा ना तिच्याजवळ!" गारमच्या आईला धाप लागली होती. "बोलणं राहू द्या. दार लावून घेतलंय का तिने? अहो, बघा आधी. आतून कडी लावलीय का? आमच्या गारमने लावली होती."

म्योंगरानने काचेतून आत पाहिलं. दाओन डोळे पुसत होती आणि नजर पडद्यावरून न हलवता चिप्सच्या पाकिटात हात घालत होती.

"नाही," म्योंगरान म्हणाली. "दार उघडंच आहे."