कट्ट्यावरची बादली

गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घ्यायची आणि फेसाळ पेला उभ्या उभ्या रिकामा करायचा, ही आम्हा कोल्हापूरकरांची जुनी मिजास. तिथं कुणी दूध तापवायची गोष्ट काढली, की तो परगावचा म्हणून ओळखावा. कट्ट्यावरचा गवळी सयाजी तर अशा माणसाला म्हशीजवळ फिरकू द्यायचा नाही.

"तापवायचं आसंल तर बाटलीतलं घे जा की! माझ्या दुधात पाण्याचा टिपूस न्हाय," असं तो अख्ख्या पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचा. आणि ते खरंच होतं. एक वेळ सयाजी उपाशी झोपला असता, पण दुधात पाणी घातलं नसतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याची लेक चिमणा कागलहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. साल दुष्काळाचं. पंचगंगेला धार उरली नव्हती, पण शहराचा नाला मात्र न चुकता तिच्यात येऊन पडत होता. पाणी काळपट हिरवं, वास असा की नाकाला पदर लावावा. तरी म्हशी तिथंच धुवायच्या, कारण सगळे तिथंच धुवायचे! सयाजी परतताना तिथलीच बादली भरून घ्यायचा. कट्ट्यावर त्या पाण्यानं सड धुवायचा, त्यातच पेले विसळायचा आणि मग ओल्या हातानं धार काढायचा. चिमणाला तो कट्ट्यावर संगती आणायचा; पहिला पेला तिचा. बाप समोर बसून तो तिला संपवायला लावायचा.

घरी तिची आई बनाबाई नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे नळाचं पाणी उकळून, गाळून लेकीला द्यायची. दूध उकळायचं तिच्याही मनात आलं नाही.

दिवस भरत आले आणि चिमणाचं अन्न तुटलं. डोळे पिवळे झाले. बनाबाईनं कावीळ उतरवणारी म्हातारी गाठली. तिनं चिमणाच्या हातावर चुन्याची निवळी चोळली, निवळी पिवळी झाली, आणि कावीळ उतरली असं सांगून ती गेली. चिमणा होती तशीच पिवळी राहिली. दोन दिवसांत ती बरळायला लागली, तेव्हा कुठं तिला टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले, पोट बघितलं आणि सयाजीला बाजूला घेतलं.

"गरोदर बाईला ही कावीळ फार वाईट. घाण पाण्यातून येते. महिना-दीड महिन्यापूर्वी कुठलं पाणी प्यायली?"

"पाणी उकळून देतोय जी. आन् दूध."

"दूध तापवलेलं?"

"तापवायचं कशाला? धारंचं दूध, साहेब. टिपूसभर पाणी न्हाय त्यात!"

"मग सड कशानं धुता? भांडी कशात विसळता?"

"नदीच्या पाण्यानं, जी," म्हणत सयाजीनं आपल्या हातांकडं बघितलं. डॉक्टरांना पुढं काही बोलावं लागलं नाही.

मूल पोटातच गेलं. सयाजीनं डॉक्टरांचे पाय धरले. "माझं रगत घ्या, म्हशी घ्या, घर घ्या, पर पोरीला उठवा!" डॉक्टर तरी काय करणार होते? त्यांच्याकडं सलाईन होतं, ते चालू होतं. पहाटे चिमणानं बापाकडं बघितलं, पण मनानं ती दवाखान्यात नव्हतीच, कट्ट्यावर होती. "आबा, थांबा की जरा," ती म्हणाली, "फेस बसू द्या." उजाडता उजाडता ती गेली.

तेराव्यानंतर सयाजी म्हैस घेऊन कट्ट्यावर आला. बादली आणली नव्हती. तो प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "घरला न्या. तापवून प्या. नदीच्या पाण्यानं माझी पोर गेली."

लोक हळहळले. तालमीतला ज्ञानू म्हणाला, "दुःखानं डोस्कं फिरलंय बिचाऱ्याचं."

तेवढ्यात धोंडुबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं पोट चांगलंच दिसत होतं. "ह्येच्या दुधाला तापवायचं नाव काढू नगंस," सासू सुनेला सांगत होती, "डोळं झाकून प्यायचं," आणि तिनं पेला पुढं केला.

सयाजीला त्या पोटापलीकडं काही दिसेना. तो ओरडला, "पिऊ नगंस, पोरी! मी पाणी घालतोय दुधात! नाल्याचं पाणी! लई वर्सं घालतोय!"

जन्मभर जपलेलं नाव त्यानं एका दमात मातीत घातलं होतं, आणि त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी दिसत होतं. ज्ञानूनं हातातला पेला आपटला. कुणी थुंकलं. कुणी म्हणालं, देवानं बरोबर शिक्षा दिली. सयाजीनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"चल गं, हितं नगं," म्हणत धोंडुबाईनं सुनेचं मनगट धरलं आणि तिला चार पावलांवरच्या बायडाबाईच्या म्हशीकडं नेलं. बायडाबाई नुकतीच नदीवरून आली होती. तिनं भरल्या बादलीत पेला विसळला, सड धुतले आणि धार काढून पेला सुनेच्या हातात दिला.

"आगं, तिथंबी त्येच पाणी हाय!" सयाजी किंचाळत धावला. लोकांनी त्याला मध्येच धरलं.

सुनेनं डोळे झाकून पेला तोंडाला लावला.