हनुवटीखालचं वळण

वस्ताद आपल्याच दुकानात, आपणच पुसलेल्या ओल्या फरशीवर घसरले आणि उजवं मनगट मोडून बसले. आता शिव्या तरी कुणाला देणार? ऑपरेशन करून हाडाला प्लेट बसवली. तीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेला हात तो. पण हनुवटीखाली वस्तरा वळतो तो मनगटातून, आणि मनगटच वळलं नाही तर दुकानाला टाळंच.

दहाव्या दिवशी सर्जनने त्यांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडलं. बाईंनी हात धरला मात्र, वस्तादांच्या बायकोने आवाज चढवला. "अहो, हाड अजून जुळलं नाही, आणि तुम्ही हलवताय काय?"

"हाड प्लेटने धरलंय, काकू. पण सांधा आत्ता नाही हलवला तर आखडून बसेल. मग रडून उपयोग नाही."

बाई एका हाताने मनगटाच्या वरची बाजू पक्की धरायच्या आणि दुसऱ्या हाताने तळव्याच्या बुडाची बारीक हाडं अलगद ओढून किंचित वर-खाली सरकवायच्या. किंचित म्हणजे नखभरही नाही. वस्ताद डोळे मिटून बसत. जन्मभर दुसऱ्यांची डोकी हाताळलेला माणूस, त्याला हाताची पारख होती. दुखायच्या केसभर अलीकडे हा हात थांबायचा, तोही न विचारता. "असा हात लाखात एक," ते घरी म्हणाले. बायकोने नाक मुरडलं.

वस्तादही काही कमी नव्हते. चौथ्या आठवड्यात त्यांनी तळहात ऐटीत वर वळवून दाखवला. बाईंनी शांतपणे त्यांच्या कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेल खोचला. "आता करा." टॉवेल पडला खाली.

"खांद्याने वळवताय, वस्ताद."

"आयुष्यभर लोकांची हजामत केली," वस्ताद ओशाळून हसले, "आज माझी झाली."

पुढे बाईंनी त्यांना फुग्यावर फेस लावून वस्तरा चालवायला लावला, नवशिक्यासारखा. पहिले पाच फुटले. सहावा बायकोने स्वतः धरला, आणि तो टिकला.

दहाव्या आठवड्यात बाई दुकानात आल्या. "आता खरा गळा हवा." मजा बघायला आलेल्या मेहुण्याला एकदम महत्त्वाचं काम आठवलं. बाकावरच्या दोघांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. बाई बाहेर गेल्या आणि आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून घेऊन आल्या.

"अगं बाई, वडील आहेत ना तुमचे!" वस्तादांची बायको म्हणाली.

"म्हणूनच आणलंय. बाबा, बसा."

वस्तादांनी म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. त्यांनी फेस लावला, एक गाल केला आणि वस्तरा हनुवटीखाली नेला. खांदा जागचा हलला नाही. मनगट वळलं, पुरतं वळलं. तेवढ्यात म्हाताऱ्याचं तोंड उघडं पडलं.

"लागलं का हो?" बायको घाबरून पुढे आली.

"नाही," बाई हळूच म्हणाल्या, "झोप लागली त्यांना."

वस्तादांना पुढचं दिसेना. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, डोळे पुसले आणि मग दुसरा गाल घेतला.