पिंप उघडण्याचा मान

त्या दिवशी सकाळी घरात नेहमीसारखीच गडबड होती. आई भाजी निवडत होती, बाबा फोनवर कुणाला तरी "उद्या नक्की, अगदी नक्की" असं सांगत होते, आणि आत्या खिडकीपाशी बसून नखांना तेल चोळत होती. नखं पिवळी पडून मधोमध चिरली होती. तेलाने काही होत नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण वीस वर्षांची सवय.

"मासेवाली उठली का गं?" तिने विचारलं. "आज नवं पिंप आलंय. जाण्याआधी मला चहा पाजून जा म्हणावं, नंतर राहिले न राहिले!" आणि स्वतःच खो खो हसली.

मासेवाली म्हणजे घरातली थोरली लेक. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोगशाळा होती, तिथे ती कामाला होती. नवं रसायन बाजारात येण्याआधी ते किती विषारी आहे, किती थेंबांनी जीव जातो, हे तिथे मोजत. टाक्यांमध्ये सात-सात मासे सोडायचे, प्रत्येक टाकीत रसायनाचं माप वेगळं, आणि मग चार दिवस, म्हणजे मोजून शहाण्णव तास, लक्ष ठेवायचं. एखादा मासा कुशीवर कलला तरी नोंद. फार तडफडायला लागला तर त्याला बाहेर काढून यातनेतून सोडवायचं, आणि त्याचीही नोंद, खाली सही. "एवढं शिकून पोरगी शेवटी माशांची आया झाली," असं बाबा पाहुण्यांना सांगत, पण सांगताना त्यांचा चेहरा फुललेला असे.

घराच्या खालच्या मजल्यावर बाबांचा कारखाना होता. जुनी दारं, खुर्च्या, कपाटं यांचा रंग उतरवून द्यायचं काम. मधोमध छातीइतक्या उंचीचा लोखंडी हौद, त्यात रंग काढायचं औषध. त्या गल्लीत सगळ्याच रसायनांना औषध म्हणत. व्यापारी बदलला की औषध बदलायचं. पिंपावर कागद असलाच तर तो दुसऱ्याच कुठल्या मालाचा असायचा, आणि तो वाचायला कुणाला सवड होती?

अशा नव्या पिंपाचं झाकण आत्याच उघडायची. तो तिचा मान होता.

हा मान आला कसा, ते सांगायला हवं. वीस वर्षांपूर्वी एक कामगार नवं पिंप उघडताना भोवळ येऊन पडला. वाचला, पण त्याची बायको दोन लेकरं काखेत मारून आली आणि तिने भर गल्लीत बाबांची अब्रू काढली. बाबा मनाने वाईट नव्हते. त्यांना झोप लागेना. तेव्हा त्यांनी नियम केला की पोराबाळांच्या माणसाला नव्या पिंपापुढे करायचं नाही. नियम सगळ्यांना पटला. किती विचारी माणूस, असं गल्लीत बोललं गेलं. मग पोराबाळांचं नाही असं कोण उरलं? नुकतीच नवरा वारल्यामुळे भावाकडे परत आलेली, मूल नसलेली सव्वीस वर्षांची बहीण.

"द्या इकडे पाना," ती तेव्हा म्हणाली होती. "माझ्यामागे रडायला कोण बसलंय?" सगळे हसले होते. कुणीतरी 'मी आहे ना' म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि ज्या घरात धाकट्या मुलीच्या साखरपुड्याला तिला मागच्या खोलीत बसवलं, त्याच घरात नव्या पिंपाला मात्र "आत्याचा हात लागू दे, मग काम सुरळीत होतं" असं कौतुकाने म्हणायची पद्धत पडली. दुष्टपणा उघडावाघडा आला तर माणूस त्याला हाकलून तरी देतो. तो मानपान घेऊन आला की त्याला पाट मांडला जातो.

आत्या बिचारी हुशार होती. तिने आपली रीत बसवली होती. दारं-खिडक्या सताड उघडायच्या, ओला फडका तोंडाला बांधायचा, झाकण सैल करायचं आणि धूम पळायचं. बाहेर दहा मिनिटं बसायचं. मग लांब दांड्याच्या मगाने थोडं औषध हौदात. तरी नाक केव्हाच गेलं होतं. "बरंच झालं," ती म्हणे. "जळलेलं आणि शिजलेलं मला सारखंच लागतं, वहिनीची सोय झाली."

त्या सकाळी मासेवालीने जिन्यावरून पिंप पाहिलं आणि तिचं पाऊल अडलं. झाकणाच्या कडेतून बारीक फुसफुस ऐकू येत होती.

"बाबा, यात काय आहे?"

"औषध. जुन्यापेक्षा दुप्पट झटक्यात रंग काढतं म्हणे."

"पण आहे काय ते?"

"ते त्या बनवणाऱ्याला माहीत! तू लाडू खाताना आचाऱ्याला विचारतेस का?"

"आत्या उघडणार नाही. मी सांगते."

आत्या मध्येच म्हणाली, "अगं, कशाला भांडतेस? मला काही होत नाही. यम येतो, वास घेतो आणि परत जातो."

पण मासेवाली हटून बसली. तिने वडिलांना प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं. माशाच्या मरणाचीसुद्धा तिथे सही होते, आणि आपल्या घरात माणसाच्या जिवाची ही तऱ्हा, असं म्हणताना तिचा आवाज चिरकला. बाबा वरमले. व्यापाऱ्याने नमुना म्हणून दिलेली बाटली त्यांनी तिच्या हातात ठेवली. "बरं बाई, विचार तुझ्या माशांना. चार दिवस थांबतो."

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी बाटली हातातही घेतली नाही. "कागद कुठाय? कुणी बनवलं, आत काय घातलंय?"

"तेच तर माहीत नाही, मॅडम."

"मग कुठली चाचणी करायची तेच ठरणार नाही. पाण्यातली, हवेतली, की कातडीवरची? बनवणाऱ्याकडून कागद मागव. महिनाभर लागेल."

महिना कुठून आणायचा? बाबांनी चार दिवस दिले होते तेच नशीब. मासेवालीने प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतली एक मोडकळीस आलेली टाकी धुतली, पाणी भरलं, सात मासे सोडले, हवेचा पंप लावला आणि बाटलीतलं औषध मापून घातलं. वहीत नोंद केली नाही. अशी चोरी तिने आयुष्यात केली नव्हती. पण आत्यासाठी करतेय म्हटल्यावर तिला त्यात काही वाईटही वाटलं नाही.

पहिल्या दिवशी सातही मासे जिवंत होते. दुसऱ्या दिवशीही. दुपारी बाबांचा फोन आला.

"काय म्हणतात गं तुझे मासे?"

त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण पहिल्यांदाच खरी उत्सुकताही होती. बाप आपल्याला आपल्या कामातलं काही विचारतोय, याने मासेवाली सुखावली. इथेच तिचं चुकलं. "अजून तरी मजेत आहेत सगळे," ती हसत म्हणाली. "पण बाबा, चार दिवस पुरे झाल्याशिवाय..."

पुढचं वाक्य बाबांपर्यंत पोचलंच नाही. त्यांनी फोन हातात धरूनच खाली ओरडून सांगितलं होतं, "मासे पास झाले रे!"

पुढे काय झालं ते तिला नंतर पहिलवानाकडून कळलं. पहिलवान म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात किडकिडीत कामगार. त्याने सांगितलं की आत्याला त्या दिवशी फार आनंद झाला होता. "आमच्या पोरीनं तपासलंय," असं ती प्रत्येकाला सांगत होती. बाहेर वारा सुटला होता, ताज्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून खिडक्या बंद होत्या. नेहमी ती भांडून उघडायला लावायची. त्या दिवशी म्हणाली, "राहू द्या." फडका बांधला नाही. बाहेर पळाली नाही. अर्धं पिंप हौदात ओतून घेतलं, आणि तळाशी पडलेली एक बिजागरी दिसली म्हणून कडेवरून आत वाकली.

ती वाकलेलीच राहिली. काही शोधतेय असं सगळ्यांना वाटलं. पहिलवानाने हाक मारली, मग धावत जाऊन तिला ओढलं आणि तिला घेऊनच खाली कोसळला. तो तासाभराने शुद्धीवर आला.

मासेवाली इस्पितळात पोचली तेव्हा डॉक्टर चादर ओढून निघून गेले होते. बाकावर बाबा लहान मुलासारखे हुंदके देत होते. तिला पाहून ते उठले, तिचे खांदे धरले आणि म्हणाले, "मासे तर जिवंत होते ना गं? तूच म्हणालीस ना?"

तिला रागावता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली. मागच्या खोलीत सातही मासे पोहत होते. तिने टाकीवर वाकून पाण्याचा वास घेतला. पाण्याला वासच नव्हता. हवेचा पंप बुडबुडे सोडत होता, टाकीला झाकण नव्हतं. मग तिला उमगलं. उडून जाणारं औषध होतं ते. पहिल्या काही तासांतच पंपाने ते पाण्यातून काढून खोलीच्या हवेत सोडून दिलं होतं. मासे दोन दिवस साध्या पाण्यात मजेत होते. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. आणि तिकडे कारखान्यात ते असंच उडून हौदावरच्या हवेत साचलं होतं, त्या हवेतच आत्या वाकली होती. अशा रसायनाची टाकी झाकायची असते, पाण्यात ते किती उरलं हे रोज मोजायचं असतं. हे नियम तिला तोंडपाठ होते. पण घाई, माया आणि बापाची शाबासकी, या तिघांपुढे तोंडपाठ काय टिकणार?

तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी नोकरी गेलीच. जायलाच हवी होती.

चौकशीला साहेब आले. त्यांना चहा दिला गेला. बाबांनी सांगितलं की माल तपासून घेतला होता, लेकीच्याच प्रयोगशाळेत. मासेवालीने स्वतःच्या हाताने चार पानं लिहून दिली होती, आपली चोरी, आपला फोन, वीस वर्षांची ती रीत, सगळं काही. साहेबांनी पानं चाळली.

"ताई, तुमचं दुःख कळतं मला. पण पिंप कुणी उघडलं हा काही गुन्हा होत नाही. कुणीतरी उघडणारच ना?"

"तेच तर लिहिलंय, साहेब. हे 'कुणीतरी' म्हणजे नेहमी तीच का?"

साहेबांनी कप खाली ठेवला आणि कागदावर 'अपघात' असं लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

उरलेलं अर्धं पिंप व्यापारी परत घेऊन गेला आणि त्याच गल्लीत पुढे कुठेतरी विकलं. हे कळल्यावर मासेवाली एकेका कारखान्याच्या दारात उभी राहिली. माल फेकून द्या, निदान खिडक्या तरी उघडा, असं सांगत फिरली. लोकांनी ऐकून घेतलं. घरात मरण झालेल्या मुलीशी कोण वाद घालणार? निघताना ती प्रत्येक ठिकाणी विचारायची, "तुमच्याकडे नवं पिंप कोण उघडतं?"

"आमची मावशी."

"सासूबाईंची बहीण. इथेच असते, एकटी आहे."

"तो बघा, मुका काका. लग्न नाही झालं त्याचं."

अकरा कारखाने होते. एकालाही आठवावं लागलं नाही.

ती घरी परतली तेव्हा अंगणात एक पिशवी ठेवलेली होती. आईची धाकटी बहीण आली होती. नवऱ्याने टाकलेली, मूल नाही, दोन वर्षं इकडून तिकडे फिरत होती. आईनेच तिला बोलावून घेतलं होतं, घर खायला उठतं म्हणून. बाबा खूप थकलेले दिसत होते. ते मावशीला कारखाना दाखवत होते, आणि पाना कसा धरायचा ते सांगत होते. "घाबरू नकोस. हळूच सैल करायचं. आणि खिडक्या मात्र उघड्या हव्यात हं," ते म्हणाले. बहिणीच्या मरणातून त्यांनी एवढाच धडा घेतला होता.

मासेवाली पुढे झाली. तिने मावशीच्या हातातला पाना काढून घेतला.

"ती उघडणार नाही, बाबा. या घरात यापुढे कुणीच उघडणार नाही. मावशी, पिशवी उचल. मी तुला पोचवते."

"कुठे?" मावशीने विचारलं.

ती काही भांडायला विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने पिशवी उचललीसुद्धा होती. मासेवालीने वडिलांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. आईकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. मावशी पिशवी घेऊन तशीच उभी राहिली.

वाचकहो, तिला कुठे पोचवायचं, ते तुम्ही तरी सांगा.