मागच्या खोलीतला आकडा

गॅस कंपनीचा तपासनीस दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात शिरला, तेव्हा विषारी वायूचा अलार्म सोफ्यावरच्या उशीखाली दडपलेला होता.

"सकाळपासून तीनदा बोंबलला," सासूबाई म्हणाल्या. "बॅटरी संपली असेल. बदला आणि जा."

तक्रार सुनेने नोंदवली होती. ती शाळेत शिकवत असे, पण आज रजा टाकून घरी होती. अलार्म वाजला की खिडक्या उघडा, गॅस बंद करा आणि सगळे बाहेर थांबा, असं तिला फोनवर सांगितलं होतं. पहिल्या दोन गोष्टी तिने केल्या. तिसरीला सासूबाई बधल्या नाहीत. एवढ्या थंडीत जिन्यात कोण बसणार?

तपासनीस पन्नाशी ओलांडलेला होता. कचेरीत त्याला सगळे शंकासुर म्हणत. बाकीचे तीन घरं उरकेपर्यंत याचं एकच चाललेलं असे. साहेब त्यावरून कुरकुरत, पण त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्याने वायू मोजायचा मीटर काढला आणि पुढच्या खोलीत धरला. शून्य. स्वयंपाकघरात, गिझरपाशी, तिथेही शून्य.

"झालं समाधान?" सासूबाई म्हणाल्या.

"खिडक्या सताड उघड्या आहेत, आजी. शून्यच येणार. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो होता की नव्हता, हे नुसत्या हवेवरून सांगता येत नाही." मग त्याने सुनेकडे वळून विचारलं, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

सून म्हणाली, "माझं. चार दिवस झाले. शाळेत गेले की उतरतं, घरी आले की पुन्हा सुरू."

"आणि तुमचं, आजी?"

"मला काय धाड भरलीय?" सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "मळमळतं जरा. पण ते वयाचं."

 अलार्म खोटा नव्हता.

"दोघी खाली जा. इमारतीच्या बाहेर. वाद नको, आजी."

त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, सासूबाई निमूटपणे चप्पल शोधू लागल्या.

घर रिकामं झाल्यावर त्याने खिडक्या लावल्या. गॅस बंदच ठेवला आणि मीटर घेऊन एकेका खोलीत उभा राहिला. पुढची खोली शून्य. स्वयंपाकघर शून्य. मागच्या झोपायच्या खोलीत मात्र मीटरवर बारा आले. तो हलला नाही. बाराचे तीस झाले, मग सत्तर. मीटर टिटवीसारखा ओरडायला लागला.

घरात एक काडीसुद्धा जळत नव्हती. मग हे येत होतं कुठून?

खिडकीच्या काचेपलीकडे पांढुरकं प्लास्टिक होतं. इमारतीची मागची भिंत रंगवायला काढली होती आणि रंगाऱ्यांनी ती वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकली होती. प्लास्टिक पोट फुगवून उभं होतं. खालून काहीतरी त्यात भरत होतं आणि खिडकीच्या फटींतून या खोलीत शिरत होतं. त्याची कानशिलं ठणकू लागली. वायूमुळे की भीतीमुळे, हे त्याला कळेना. तो मागे न बघता बाहेर पडला.

जिन्यावरूनच त्याने हाक मारली, "तुमच्या खाली कोण राहतं?"

"नर्सबाई," खालून सून म्हणाली. "एकट्याच असतात. रात्रपाळी करून आल्या की दिवसभर झोपतात."

पहिल्या मजल्यावरच्या दारावर पाटी होती: 'झोपले आहे. बेल वाजवू नये.' तपासनीसाने बेल वाजवली, मग दारावर मुठी आपटल्या. आतून गॅसच्या हीटरची बारीक घुरघुर तेवढी येत होती. गुडघ्यांवर बसून त्याने दाराखालच्या फटीला मीटर लावला. आकडा पाचशेच्या पुढे गेला आणि चढतच राहिला.

जिन्यातल्या कपाटात त्या घराचा गॅसचा कॉक होता. त्याने तो फिरवला. घुरघुर थांबली. त्यानंतरची शांतता त्याला अधिकच जीवघेणी वाटली. त्याने अग्निशमन दलाला फोन केला आणि पाठोपाठ अँब्युलन्सलाही.

सून अर्ध्या जिन्यापर्यंत आली होती. "तोडा ना दार. जा ना आत."

त्याने खांदा दाराला लावलाही होता. दार फार मजबूत नव्हतं. पण तो तसाच थांबला. बारा वर्षांपूर्वी त्याचा कामावरचा जोडीदार असाच एका घरात शिरला होता. आत्ता येतो, म्हणाला होता, श्वास धरून जातो. दोन माणसांना वाचवायचं होतं, आणि बाहेर तीन प्रेतं आली. त्याला शोधायला आत जाऊ लागलेल्या तपासनीसाला लोकांनी धरून ठेवलं, म्हणून चौथं आलं नाही.

"मी आत पडलो तर त्यांना कोण काढणार?" तो म्हणाला. त्याने खांदा दारापासून काढला. "तुम्ही बाहेर व्हा. घराघरांत फोन करा, सगळ्यांना खाली बोलवा."

तो इमारतीच्या मागे धावला. रंगारी परांचीवर डबा उघडून जेवत बसले होते. त्यातल्या एकाचा सुरा घेऊन तो पहिल्या मजल्याच्या उंचीवर चढला, तोंड दुसरीकडे फिरवलं आणि प्लास्टिक उभं फाडलं. ऊबदार हवेचा भपकारा त्याच्या मानेवरून गेला. भिंतीतून हीटरचा धुराचा पाइप बाहेर आला होता आणि त्याचं तोंड प्लास्टिकने बांधून टाकलेलं होतं. जायला वाट नाही म्हणून धूर नर्सबाईंच्याच खोलीत परतत होता आणि उरलेला वर चढत होता.

"आम्हाला काय माहीत," खालून रंगारी म्हणाला. त्याचा घास हातातच राहिला होता.

तपासनीसाने रंगाऱ्यांच्याच हातोडीने खिडकीची काच फोडली, दोन पावलं मागे सरला आणि थांबला. पडदा हलला. आतला पलंग दिसला आणि पलंगावरून खाली लोंबणारा, मोजा घातलेला एक पाय.

"बाई! अहो बाई!"

पाय हलला नाही.

मदत यायला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत त्याने त्या पायावरची नजर काढली नाही. एकदा अंगठा हलल्यासारखा वाटला आणि त्याने देवाचे आभारही मानले, पण तो वाऱ्याने हललेला पडदा होता. आत उडी मारायला खिडकी पुरेशी मोठी होती. त्याने परांचीचा बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

मग दार फुटल्याचा आवाज आला. मुखवटे लावलेली दोन माणसं आत आली आणि त्यांनी नर्सबाईंना चादरीसकट उचललं.

जिन्याशी त्यांना निजवलं, तेव्हा श्वास चालू होता. सासूबाईंनाही त्याच अँब्युलन्समध्ये बसवलं. त्यांच्या नाकातोंडावरही ऑक्सिजन लावला. तपासनीसाने संध्याकाळपर्यंत इमारतीतलं एकेक घर तपासलं आणि प्लास्टिक पूर्ण उतरवल्याशिवाय कुणालाही आत जाऊ दिलं नाही.

तीन आठवड्यांनी तो नर्सबाईंच्या घरी नवा पाइप तपासायला गेला. त्या बऱ्या होत्या, फक्त बोलताना मधेच एखादा शब्द सापडेनासा होई. त्या खुर्चीत बसून त्याचं काम बघत होत्या.

"मी ओरडले होते का हो?" त्यांनी विचारलं. "किंवा उठायचा प्रयत्न वगैरे?"

"नाही, बाई."

"रात्रभर मी दुसऱ्यांचे श्वास मोजते," त्या म्हणाल्या. "आणि स्वतःचे जात होते, तर मला छान झोप लागलीय असं वाटत होतं. त्या दिवसापासून डोळे मिटायची भीती वाटते."

 त्याने पिशवीतून नवा अलार्म काढला, त्यांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर बसवला आणि बटण दाबून तो कसा वाजतो ते त्यांना दोनदा ऐकवलं.