पायातलं तांबं

टेबलावर शहाण्यासारखं वागायचं आणि बसवर चढवलं की अंगात आल्यासारखं करायचं, असा त्या अँटेनाचा शिरस्ताच होऊन बसला होता.

तो स्वप्नालीने बनवला होता, तळहातावर मावेल एवढा. मोबाईलचा सिग्नल घेणं, नकाशाचा सिग्नल घेणं आणि समोरून येणाऱ्या गाडीशी बोलणं, ही तिन्ही कामं त्याने एकट्याने करायची होती. राधानगरीच्या पुढे घाटात धुकं उतरलं की वळणापलीकडची गाडी दिसत नाही. ती दिसायच्या आधीच ड्रायव्हरला कळावी, यासाठी हा सगळा खटाटोप. टेबलावर तिन्ही कामं बिनबोभाट व्हायची. बसच्या टपावर गेला की पहिली दोन जेमतेम चालायची आणि तिसरं, ज्याच्यासाठी रक्ताचं पाणी केलं तेच, बंद.

तिने तीनदा नव्याने अँटेना केला. तिन्ही वेळा टपावर तीच रड. खाली काढून टेबलावर तपासावा, तर स्वारी पुन्हा गुणाची. मग टपावरच संशय घेतला, वायर बदलली. देव पाण्यात ठेवायचे तेवढे बाकी होते.

शिरोलीच्या ज्या शेडमध्ये ती काम करायची, तिचे मालक उदयसिंह सकाळीच सांगून गेले होते, "दुपारी बसमालक येणार हाईत. आज चाललं तर चाललं. न्हाईतर बाहेरनं तयार माल मागवतो, आणि तू आपली कोटेशनं बघ." आवाज चढवला नाही, हे तिला जास्त लागलं. पुण्याची नोकरी सोडून ती कोल्हापुरात परत आली होती ती याच कामासाठी. कोटेशनं टाइप करायला नव्हे.

चहा घेऊन केरबामामा आले. शेडचे जुने फिटर. उभी हयात लेथ मशीन बसवण्यात गेली. अँटेना टपावर घट्ट बसवायचा आणि पावसाचा थेंब शिरू नये म्हणून कडेने डिंकासारखा गम भरून बंद करायचा, हे काम त्यांचं; काढायचं कामही त्यांचंच. त्यात दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे.

"ताई, असं तोंड पाडून बसू नगा," ते म्हणाले. "आपल्या कामात खोट न्हाई. मी तर पायात तांबं बी घातलंय."

स्वप्नालीने कप खाली ठेवला. "कसलं तांबं, मामा?"

"पैसा की. नवं मशीन बसवताना खाली पायात तांब्याचा पैसा घालतो न्हवं, तसा. ह्या शेडातल्या एकूणएक लेथाखाली हाय. एक बी मशीन अजून रुसलं न्हाई. तुमच्या कामाला म्हणून आज्ज्याचा इंग्रजांच्या येळचा भोकाचा पैसा घातलाय. भोकातनं तुमची ती दांडी बराबर वर येतीया, मापानं केल्यागत."

"तिन्ही वेळा घातला?"

"मग? जुना काढला की पैसा काढून घ्यायचा, नव्याला घालायचा. आज्ज्याचा एकच हाय की."

स्वप्नाली त्यांच्याकडे बघतच राहिली. लाटा जिथून सुटायच्या, नेमक्या त्या दांडीच्या बुडाशी तांब्याचं कडं बसलं होतं. मोबाईलच्या लांब लाटांना एवढ्याशा पैशाचं फारसं काही वाटत नव्हतं. गाडी-गाडीच्या बोलण्याच्या लाटा आखूड. त्यांचा तिथेच गळा आवळला जात होता. आणि टेबलावर तपासायची वेळ आली की पैसा मामांच्या खिशात.

ती तशीच शिडीवरून टपावर चढली. गम कापला, पैसा काढला, अँटेना पुन्हा बसवून मीटर जोडला. पडद्यावरची रेघ जितकी खाली तितकं बरं. ती एवढी खाली गेली की स्वप्नालीला आधी हसू फुटलं आणि मग टपावरच बसून ती रडली. छातीवरचा धोंडा उतरला होता. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"ताई, मोडलं काय?" खालून केरबामामा.

"न्हाई मामा. चाललं. पैसा तेवढा नको होता."

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळं..."

"पैसा चांगलाच हाय, मामा. जागा चुकली." तिने पैसा पदरात टाकावा तसा त्यांच्या ओंजळीत टाकला. "ड्रायव्हरच्या सीटखाली घाला."

दुपारी आधीच्या अँटेनांपैकी एक दुसऱ्या बसवर चढवला आणि बसमालकांनी ती बस गोदामाच्या आड उभी केली. ती कोपऱ्यावरून वळायच्या कितीतरी आधी पहिल्या बसच्या पडद्यावर तिचा नंबर उमटला. मालकांनी तो प्रकार पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि सगळ्या गाड्यांना बसवायचं सांगून ते गेले.

"आता कसं चाललं?" उदयसिंहांनी विचारलं.

स्वप्नालीने तोंड उघडायच्या आधी केरबामामा पुढे झाले. "मालक, मी पायात तांबं घातल्यालं. त्यानं अडत हुतं. ताईंनी काढलं."

उदयसिंह गंभीर झाले. मामांनी मान खाली घातली.

"काढलं?" उदयसिंह स्वप्नालीकडे वळले. "पायात तांबं न्हाई आन् गाडी घाटात सोडायची?"

"ड्रायव्हरच्या सीटखाली हाय, दादा."

"मग बरं." त्यांनी सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढून बसले. "केरबा, कोटेशनं मी बघतो. तू बाकीच्या गाड्यांना भोकाचं पैसं कुठनं आणायचं ते बघ."