तुळशीच्या वाफ्यातली हाडं

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या त्या जुन्या लाकडी घरामागे वसुधाताईंनी रोजच्यासारख्या तुळशीला अकरा प्रदक्षिणा घातल्या. मुळाजवळची चिमूटभर माती घेऊन त्या दोन वर्षांच्या अनिकाच्या कपाळाला आणि जिभेला लावायला वाकल्या.

"नको, आई," सून नैना म्हणाली. "तिच्या रक्तात शिसं सापडलंय. भिंतीचा जुना, शिसं असलेला रंग झडून याच वाफ्यात पडलाय. मातीची टेस्ट केली मी."

"तुळशीची माती कुणाला बाधत नाही गं."

नैनाने वाफ्याशेजारी आणून ठेवलेलं पोतं फोडलं. आत पांढरट भुकटी होती आणि वास लपत नव्हता.

"मासळीची हाडं?" वसुधाताई मागे सरल्या.

"शिसं मातीतून जात नाही, आई. पण या हाडांतल्या फॉस्फेटला चिकटून बसतं. मग माती पोटात गेली तरी रक्तात कमी उतरतं."

तिचा नवरा सुमंत कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. "हे कॅन्सल कर. आईचं सोवळं आहे, कळत नाही?"

"अनिका आधी," नैना म्हणाली.

कॉफीचा मग तिच्या कानशिलावर फुटला. केस धरून त्याने तिला वाफ्यात तोंडावर पाडलं. "खा माती. खाऊन दाखव, काय होतं ते." ओठातलं रक्त मातीत झिरपलं. ती उठायला लागली तसा फावड्याचा दांडा मनगटावर बसला, आणि हाड मोडलेलं वसुधाताईंना ऐकू आलं.

हे पहिल्यांदा नव्हतं. दर वेळी त्या देवघरात जाऊन जोरात घंटा वाजवत, मुलाला बुद्धी दे म्हणत. आजही पाय तिकडेच वळले. पण रडणाऱ्या अनिकाने पदर धरला. तिची हनुवटी मातीने माखलेली होती आणि ती जिभेने चाटत होती.

वसुधाताईंनी पायरीवर ठेवलेला फोन उचलून पोलिसांना लावला. "माय सन," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही इज बीटिंग हिज वाइफ. प्लीज कम."

सुमंतच्या हातून दांडा गळला. "आई, मी तुझ्यासाठीच केलं ना?"

"माझ्या देवाचं नाव यात घेऊ नकोस."

पोलीस त्याला घेऊन गेले. सोमवारी पूजा आटोपल्यावर वसुधाताईंनी पदर खोचून स्वतः पोत्यात हात घातला. पायरीवर, हाताला प्लास्टर घालून बसलेली नैना किती घालायचं ते सांगत होती. तेवढ्यात मंडळातल्या लताकाकूंचा फोन आला. "घरातलं घरातच मिटवायचं होतं हो."

"चार वर्षं तेच करत होते," वसुधाताई म्हणाल्या. "घंटा वाजवून."

फोन ठेवून त्यांनी भुकटीची मूठ मातीत कालवली.