गल्लीतले अभय

बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत कुणी खिडकीतून "अभय" अशी हाक मारली, की चार पोरं वर बघायची आणि पाचवा, चांगला पंचविशीचा, मोटारसायकल पुसता पुसता "कोणता?" म्हणून विचारायचा. शाळेत बाईंनी तोडगा काढला होता: जाड्या अभय, चष्म्याचा अभय, जिन्याखालचा अभय. नाव तसं जुनंच, मधल्या काळात मागे पडलेलं. ते पुन्हा वर आलं फिटरकाकांमुळे.

सव्वीस वर्षांपूर्वी कारखान्यात अमोनिया सुटला. तेव्हाचा तरुण फिटर, नाव अभय, तोंडाला मास्क लावून तीनदा आत गेला आणि बर्फाच्या खोलीत अडकलेल्या सहा हमालांना त्याने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या वर्षात वस्तीत सात अभय जन्मले. पुढेही दरवर्षी एकदोन होतच राहिले. कुणी बाळ दाखवायला आणलं, की काका मान हलवायचे आणि काहीतरी काम काढून आत निघून जायचे. लोक म्हणायचे, केवढा मोठा माणूस, पण जराही मिजास नाही.

त्याच दिवशी मशीन ऑपरेटरचा जीव गेला होता. पेपरात त्याच्या वाट्याला खालच्या दोन ओळी आल्या. गॅस त्याच्याच हलगर्जीपणामुळे सुटला अशी कुजबुज झाली. कुजबुजीला पुरावा लागत नाही.

ऑपरेटरची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. आता ती एका दुपारी अकरा दिवसांचा मुलगा खांद्याशी धरून काकांच्या दारात आली. हातात जन्मनोंदणीचा फॉर्म होता. नावाचा रकाना कोरा.

"काका, मला अभय ठेवायचंय. पण आई ऐकत नाही. म्हणते, सगळ्या गावाने ठेवू दे, माझ्या घरात ते नाव नको. कारण विचारलं तर तोंड फिरवते. तुमचं आणि तिचं काही बिनसलं होतं का?"

काकांनी तिला खुर्ची दिली. स्वतः उभेच राहिले.

"त्या नावाचा अर्थ काय, माहीत आहे तुला?"

"ज्याला भीती नाही तो."

"मग ते माझं नाव नव्हे," काका म्हणाले. "मास्क एकच होता. तुझ्या बाबांनी तो मला दिला आणि स्वतः ओला टॉवेल तोंडाला बांधला. मी हमाल काढले ते खरं. तेवढा वेळ तुझे बाबा गॅस बंद करायला व्हॉल्व्हचं चाक फिरवत आत राहिले. शेवटच्या हमालाला मी बाहेर सोडलं आणि तिथेच उभा राहिलो. मास्क हातात होता. पाय उचलेनात. बंबवाले येईपर्यंत आठ मिनिटं गेली. त्यांनीच तुझ्या बाबांना बाहेर आणलं."

मुलीने बाळाचं डोकं हाताने झाकून घेतलं.

"आणि गॅस त्यांच्या चुकीने सुटला नाही. पाइपच्या जोडातलं पॅकिंग कुजलं होतं. मला ठाऊक होतं. ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून मी मूग गिळून बसलो."

ती उठली आणि निघून गेली. काकांनी तिला थांबवलं नाही.

दोन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मुलगी होती आणि तिच्यामागे तिची आई. सव्वीस वर्षं रस्त्यात समोर आली तर बाजूच्या दुकानात शिरणारी बाई आज सरळ आत आली.

"भावजी, शेवटी ते काय बोलले? नेमकं सांगा. तुमचे शब्द नकोत."

"म्हणाले, भिऊ नको. तू माणसं काढ, मी आहे."

"पुन्हा सांगा."

काकांनी पुन्हा सांगितलं.

ती म्हणाली, "त्याला अभय देणं म्हणतात. तुम्ही घेतलंत. देणारे ते होते." मग तिने विचारलं, "हे चारचौघांत सांगाल?"

"सांगेन, वहिनी."

"सव्वीस वर्षं उशीर झालाय."

"हो."

"मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजत."

तिने लेकीच्या पिशवीतून फॉर्म काढला. "चला मग. साहेब जेवायला उठायच्या आत पोचू."

नोंदणी कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म वाचला आणि कपाळाला हात लावला. "अजून एक अभय? अहो, त्या गल्लीत दुसरी नावं संपली का? फिटरकाकांवरून ना?"

"नाही," काका पुढे होऊन म्हणाले. "याच्या आजोबांवरून." आणि रांगेतल्या माणसांसमोर त्यांनी ऑपरेटरचं काम काय होतं, तो आत का राहिला आणि आपण बाहेर का उभे होतो, ते सगळं सांगितलं. मागे एकजण घड्याळ बघत होता, तोही थांबला. कारकुनाने शिक्का मारला, पण कागद लगेच पुढे सरकवला नाही.

बाहेर व्हरांड्यात बाक होतं. बाळ भुकेने कुरकुरू लागलं तशी मुलगी त्याला घेऊन आडोशाला गेली. तिची आई बाकावर बसली आणि बाजूची जागा तिने हाताने झटकली.

"बसा. त्या दिवशी सकाळी ते कामावर आले, तिथपासून सांगा," ती म्हणाली. "मला फक्त संध्याकाळचं माहीत आहे."